अनोळखी बाईला उधार कोण देतं?



आपण गावातल्या दुकानात जातो, साखर-चहापत्ती घेतो आणि म्हणतो, "लिहून ठेवा." दुकानदार वहीत लिहून ठेवतो. महिनाभराने पैसे दिले तरी व्याज लावत नाही. का बरं? कारण त्याला आपलं घर माहीत आहे, शेत माहीत आहे, सासरा-दीर माहीत आहेत. पैसे बुडवून आपण जाणार कुठे? म्हणजे ही उधारी खरं तर ओळखीवर मिळते.

मग जिला कुणीच ओळखत नाही, तिचं काय? कालच बोटीतून उतरलेली बाई. देश परका, भाषा येत नाही, पदराला पोरं आणि हातात फार तर चार पैसे. तिला उधार माल कोण देणार, आणि तोही बिनव्याजी? पण असं घडलेलं आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नव्याने आलेल्या कितीतरी बायकांनी अशा उधारीवर संसार उभे केले. त्यांचा इतिहास आज सांगते, कारण त्यात आपल्या बचत गटाला शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

सुरुवात करू लेबनॉनच्या डोंगरापासून. आज लेबनॉन वेगळा देश आहे. त्या काळी तो तुर्की सुलतानाच्या राज्यातल्या सिरिया मुलखात मोडायचा, म्हणून तिथल्या माणसांना अमेरिकेत सरसकट 'सिरियन' म्हणत. डोंगरउतारावर तुतीची झाडं आणि घरोघर रेशमाचे किडे, आज आपल्या जालना-बीडकडे रेशीमशेती आहे तशीच. कोष उकळत्या पाण्यात टाकून त्यातून धागा काढायचे कारखाने होते आणि त्यांत कामाला बहुतेक मुली आणि बायका. पुढे चीन-जपानचं रेशीम बाजारात आलं, भाव पडले. जमिनीचे तुकडे होत गेले. 1880 नंतर या डोंगरातली माणसं बोटीने अमेरिकेला निघाली. 1914 मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं, तोवर सुमारे लाखभर माणसं तिकडे पोचली होती. त्यात बायकाही होत्या. कुणी नवऱ्याबरोबर, कुणी त्याच्या मागून, आणि कुणी नवऱ्याला गावी ठेवून एकटी.

अमेरिकेत उतरणं सोपं नव्हतं. 1882 च्या कायद्याने ठरवून दिलं होतं की जो स्वतःचं पोट भरू शकणार नाही, सरकारवर भार होईल, त्याला परत पाठवायचं. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाच्या बेटावर 1892 पासून तपासणी होऊ लागली. डोळे तपासत, कारण डोळ्यांचा खुपरी रोग असला की परत पाठवणी. पैसे किती आहेत विचारत. एकट्या बाईकडे तर जास्तच संशयाने बघत. तुझा इथे कोण आहे, तुला घ्यायला कोण येणार, हा पहिला प्रश्न. म्हणजे त्या दारातही चौकशी ओळखीचीच.

या दारातून सुटका झाली की पुष्कळ सिरियन माणसं न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला असलेल्या वॉशिंग्टन स्ट्रीटवर यायची. तिथे आपल्या भाषेतल्या पाट्या, आपली भाकरी आणि आपल्या मुलखातल्या व्यापाऱ्यांची दुकानं असायची. हे व्यापारी घाऊक माल ठेवत आणि फेरीवाल्यांना देत. नव्याने आलेल्या माणसाला एक पेटी किंवा गाठोडं भरून मिळायचं. त्या पेटीला ते 'कश्शी' म्हणत. तिच्यात सुया, दोरे, बटणं, फिती, लेस, आरसे, साबण, शिवाय जेरुसलेमकडचे म्हणून क्रूस आणि जपमाळा. आपल्याकडे कासारीण बांगड्यांची माळ घेऊन वाडी-वस्तीवर फिरायची, तसाच हा धंदा.

माल घेताना रोख काही द्यायचं नाही. व्यापारी वहीत किंमत लिहून घेई. कुठल्या रस्त्याने जायचं, कुठल्या गावात आपला माणूस आहे, ते सांगे. "बाई, काही घेता का?" एवढे दोन-चार इंग्रजी शब्द पाठ करून घेई. मग ही बाई पेटी पाठीवर घेऊन शेतवस्त्यांवर निघायची. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी परत आली की मालाचे पैसे चुकते करायचे आणि पुढचा माल उचलायचा. पहिल्यांदा छोटं गाठोडं. ते नीट फेडलं की पुढच्या खेपेला मोठं. फेडायला चार दिवस उशीर झाला म्हणून व्याज नसे.

या धंद्यात बायका पुष्कळ होत्या आणि त्याला कारण होतं. अमेरिकेतली शेतं मोठी, घरं एकमेकांपासून लांब. नवरा शेतात गेला की घरात बाई एकटी. दारात अनोळखी पुरुष आला तर ती दार उघडायला घाबरायची, पण बाई आली तर आत घ्यायची, चूल पेटलेली असली तर काहीतरी खायला द्यायची. लेस आणि फिती हव्या असायच्या त्याही बायकांनाच. त्यामुळे फेरीवालीचा माल खपायचा.

खलील जिब्रान हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल. त्याची पुस्तकं मराठीतही वाचली जातात. त्याची आई कमिला 1895 मध्ये नवऱ्याला लेबनॉनमध्ये ठेवून चार मुलांसह बोस्टनला आली. ती लेस आणि कापड घेऊन दारोदार विकायची. तिच्या थोरल्या मुलाने, म्हणजे खलीलच्या सावत्र भावाने, पुढे कापडाचं छोटं दुकान टाकलं. आई, तो भाऊ आणि एक बहीण 1902-03 मध्ये आजाराने गेली. उरलेली बहीण मारियाना शिवणकाम करून घर चालवत राहिली आणि भाऊ लिहीत राहिला. जगभर पोचलेल्या त्या पुस्तकांच्या मागे दारोदार फिरणारी आई आहे आणि सुई-दोऱ्यावर घर चालवणारी बहीण आहे.

आता विचार करा, व्यापारी बिनव्याजी माल का देत होता? तो काही धर्मादाय करत नव्हता. एक तर ही बाई त्याच्या गावची, नाहीतर शेजारच्या गावची. तिने पैसे बुडवले तर डोंगरातल्या तिच्या घरापर्यंत बातमी जायची. म्हणजे परक्या देशातही तिला मिळाली ती गावच्या ओळखीवरची उधारी. दुसरं, मालाच्या भावात त्याचा नफा आधीच धरलेला होता. आणि तिसरं, माल त्याच्याकडूनच घ्यायचा, हे ठरलेलं. व्याज नव्हतं, पण भाव त्याचा होता. नवीन बाईला बाजार माहीत नाही, दुसरं दुकान माहीत नाही. ती घासाघीस काय करणार? ज्या बायका दोन-चार खेपांत हिशेब शिकल्या, दुसऱ्या दुकानातले भाव विचारू लागल्या, त्यांच्या हातात चार पैसे जास्त उरणार, हे उघड आहे.

कष्टांचं तर विचारूच नका. बर्फातून चालायचं, रात्री कुणाच्या गोठ्यात किंवा ओसरीवर निजायचं. शिवाय त्यांच्याच समाजाच्या अरबी वर्तमानपत्रांत वाद चालायचा, की बायकांनी असं दारोदार फिरणं शोभतं का? मैत्रिणींनो, आपण पहिल्यांदा गटाच्या बैठकीला निघालो तेव्हा आपणही हे ऐकलंच आहे. पण डोंगरातल्या घरांवर कौलं चढली, कर्जं फिटली, त्यात या फिरणाऱ्या बायकांच्या पैशाचाही वाटा होता.

आता त्याच न्यूयॉर्क शहरात जरा वर, लोअर ईस्ट साइड नावाच्या वस्तीत जाऊ. तिथे याच काळात रशिया आणि पूर्व युरोपातून ज्यू लोक येत होते. 1881 मध्ये रशियाच्या झारचा खून झाला आणि त्यानंतर ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले. तिथून 1914 पर्यंत सुमारे 20 लाख ज्यू अमेरिकेत आले. दाटीवाटीच्या खोल्या, घरातच शिवणकाम, रस्त्यावर हातगाड्या.

या माणसांना बँक कर्ज देत नव्हती. हातावर पोट असणाऱ्याला कर्ज देणं हा तेव्हा बँकेचा धंदाच नव्हता. मग उरायचा सावकार. त्या काळी अमेरिकेत 'पाचाचे सहा' देणारे सावकार होते. आज पाच डॉलर घ्या, पगाराच्या दिवशी सहा परत करा. आपल्याकडे अशा हिशेबाला काय म्हणतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सावकारी इतकी वाढली होती की 1916 पासून अमेरिकेतल्या राज्यांत छोट्या कर्जांसाठी जो नमुना कायदा होऊ लागला, त्यात महिन्याला शेकडा साडेतीनपर्यंत व्याज मान्य केलं होतं. म्हणजे सुधारणा म्हणून ठरवलेला दर वर्षाला शेकडा 42! यावरून आधीची लूट किती असेल ते समजा.

अशा ठिकाणी 1892 मध्ये काही ज्यू माणसं एका प्रार्थनागृहात जमली. स्वतःही परदेशातून आलेलीच. त्यांनी आपसांत 95 डॉलर गोळा केले आणि 'हिब्रू फ्री लोन सोसायटी' काढली. गरजू माणसाकडून व्याज घेऊ नये, अशी त्यांच्या धर्मग्रंथाची शिकवण. सुरुवातीची कर्जं 5 ते 25 डॉलरची. कुणाला हातगाडी घ्यायची, कुणाला फेरीचा माल भरायचा, कुणाला शिवणयंत्र. व्याज शून्य. फेड छोट्या छोट्या हप्त्यांनी.

आणि तारण? सोनं नाही, घर नाही. फक्त जामीन, म्हणजे दुसऱ्या माणसाची सही. ज्याचं दुकान आहे किंवा ज्याची पत आहे, अशा कुणीतरी म्हणायचं, "याला मी ओळखतो. हा देईल. नाही दिलं तर मी देईन." व्यापारी स्वतःच्या ओळखीवर माल देत होता. इथे ज्याची स्वतःची ओळख नाही, त्याला दुसऱ्याची ओळख उसनी मिळू लागली. फेडलेला पैसा लगेच पुढच्या माणसाला दिला जायचा. जेकब शिफ यांच्यासारख्या मोठ्या बँकवाल्यांनी पुढे त्यात भर घातली. त्या संस्थेचं काम आजही चालू आहे आणि कर्ज देताना ती धर्म विचारत नाही.

इथे एक खोचही सांगते. अशा संस्थांचे कर्जदार मुख्यतः पुरुष असायचे. घरात मशीन चालवणारी, भाडेकरूंचा स्वयंपाक करणारी, गल्लीतलं दुकान सांभाळणारी बाई होती, पण कर्जाच्या कागदावर नाव नवऱ्याचं. म्हणून काही शहरांत बायकांनी स्वतःच्या वेगळ्या बिनव्याजी मंडळ्या काढल्या. आपल्या गटासारख्याच, फक्त व्याज न घेणाऱ्या. जगभरच्या स्थलांतरितांमध्ये असे प्रकार दिसतात. कोरियन लोकांची 'क्ये', चिनी लोकांची 'हुई', कॅरिबियन बेटांवरच्या लोकांची 'सुसू' या सगळ्या आपल्या भिशीच्या बहिणीच. जिथे बँक दार उघडत नाही, तिथे माणसं एकमेकांची बँक होतात.

उधारीवर उभं राहिलेल्या आणखी एका घराची गोष्ट ऐका. लाझारस स्ट्रॉस नावाचा ज्यू माणूस 1852 मध्ये जर्मनीतून अमेरिकेत आला. दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात त्याने फेरीवाला म्हणून सुरुवात केली आणि टॅलबॉटन नावाच्या छोट्या गावात दुकान टाकलं. माल यायचा उत्तरेच्या व्यापाऱ्यांकडून उधारीवर. 1861 मध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यात युद्ध पेटलं. ते चार वर्षांनी संपलं, तेव्हा दक्षिणेतला व्यापार मोडून पडला होता. जुनी देणी बुडाली, असंच सगळे धरून होते. पण स्ट्रॉस कुटुंबाने ती फेडली. त्यामुळे न्यूयॉर्कमध्ये नव्याने धंदा मांडताना त्यांच्या शब्दावर माल मिळाला. पुढे त्यांनी मेसीज नावाच्या मोठ्या दुकानाच्या तळघरात चिनी मातीच्या भांड्यांचं दालन घेतलं आणि वीसएक वर्षांत ते सगळं दुकान त्यांच्या मालकीचं झालं. लाझारसचा मुलगा इसिडोर आणि सून आयडा 1912 मध्ये टायटॅनिक जहाजावर बुडाले. नवऱ्याला सोडून बचावाच्या होडीत बसायला नकार देणारी बाई ती हीच आयडा.

यातली गंमत बघा. उधारीवर वर आलेल्या या घराच्या मेसीज दुकानात कित्येक दशकं उधारी बंद होती. रोख द्या, आणि रोखीमुळे आम्ही स्वस्त देतो, असं ते जाहिरातीत सांगत. याचा अर्थ काय? उधारीला खर्च असतो. वही लिहायला माणूस लागतो, पैसा अडकून पडतो, काही पैसा बुडतो. जिथे उधारी मिळते, तिथे हा खर्च भावात मिसळलेला असतो. दुकानदाराला हे पक्कं माहीत असतं. गिऱ्हाइकालाही माहीत असायला हवं.

हप्त्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर पसरली ती शिवणयंत्रामुळे. सिंगर कंपनीने 1856 मध्ये यंत्र हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. आधी थोडे पैसे भरा, यंत्र घरी न्या, बाकीचे दरमहा द्या. गरीब शिवणारणीच्या घरात यंत्र आलं ते यामुळेच. पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत यंत्र कंपनीचं. हप्ते थकले तर यंत्र परत जायचं आणि भरलेले पैसेही जायचे. ओळख नसलेल्या बाईवर कंपनीने विश्वास टाकला नव्हता. तिने वस्तूच तारण ठेवली होती.

पुढच्या काळात ओळखीची जागा कागदाने घेतली. कुणी किती फेडलं याच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या निघाल्या. परक्याला उधार मिळायची सोय झाली, पण बाईची अडचण राहिली. नोंद नवऱ्याच्या नावावर. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या पगारावरही दुकानाचं खातं उघडताना नवऱ्याची सही मागत. 1974 मध्ये अमेरिकेत कायदा झाला की उधार देताना बाई आहे किंवा लग्न झालंय, म्हणून वेगळी वागणूक द्यायची नाही. 1976 मध्ये त्यात वंश, धर्म, मूळ देश हेही जोडलं.

आज अमेरिकेत नवीन पोचलेल्या माणसाची, त्यात आपल्याकडून गेलेल्या लेकी-सुनाही आल्या, अडचण तीच आहे. नोंदच नाही, मग पत कुठून? मोठी दुकानं सांगतात, आमचं कार्ड घ्या, 12 महिने बिनव्याजी. त्यातली मेख ऐका. पुष्कळ योजनांत अट असते की मुदतीत सगळी रक्कम फिटली तरच व्याज माफ. समजा 600 डॉलरचा पलंग घेतला आणि वर्षात 550 फेडले, तर राहिलेल्या 50 वरच नाही, तर पहिल्या दिवसापासूनच्या थकबाकीवर व्याज लागतं. तेही वर्षाला शेकडा 25-30 च्या दराने.

आणि आपल्याकडे? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं. तरीही मोबाइलच्या आणि फ्रिजच्या दुकानांवर शून्याचे फलक दिसतात. ऊसतोडीची उचल बघा. मुकादम उचल देतो तेव्हा व्याजाचं नाव काढत नाही, पण नवरा-बायकोचा कोयता हंगामभर बांधला जातो आणि अंगावर राहिलेली बाकी पुढच्या वर्षावर जाते. वॉशिंग्टन स्ट्रीटवरची बाई निदान पेटी कुठे न्यायची ते स्वतः ठरवू शकत होती.

म्हणून मैत्रिणींनो, बिनव्याजी उधारी समोर आली की तीन गोष्टी विचारा. रोख घेतलं तर भाव किती? हप्ता चुकला तर काय होतं? आणि ही उधारी घेतल्यावर मी दुसऱ्या दुकानात, दुसऱ्या कामावर जायला मोकळी आहे का? या तिन्हींची उत्तरं चांगली असली, तर खुशाल घ्या. उधारी वाईट नसते. तिच्यावर घरं उभी राहिली आहेत.

आपल्या गटात आपण व्याज घेतो, पण ते गटातच राहतं, आपल्याकडेच वळतं. 95 डॉलरवाल्या मंडळींनी व्याज घेतलं नाही, पण जामीन घेतला. दोन्हीकडे मूळ एकच. "मी हिला ओळखते," असं म्हणणारी कुणीतरी बाई लागते.

आपल्या गावातही नव्याने आलेल्या बायका आहेत. वीटभट्टीवर आलेलं कुटुंब, शेतात सालाने राहिलेलं जोडपं, नुकतीच नांदायला आलेली सून. दुकानदार त्यांना वहीत घेत नाही, आणि घेतलं तर नवऱ्याच्या नावाने. पुढच्या बैठकीत अशी एक तरी बाई बोलवा. ती छोटी रक्कम घेईल, फेडेल, आणि ते गटाच्या वहीत तिच्या स्वतःच्या नावावर लिहिलं जाईल. ती उद्या दुसऱ्या गावी गेली तरी, फेडणारी बाई म्हणून तिच्याबद्दल शब्द टाकायला आपण असू.